शेपटाचा रकाना

१

चष्मेवाल्यांच्या दुकानाला मंगळवारी कुलूप असे. आठवड्यातून एक दिवस ते दुसऱ्यांचे डोळे सोडून स्वतःचे गुडघे तपासतात, असं त्यांची बायको म्हणायची. त्या मंगळवारी ते सकाळी सहालाच सायकल काढून चाचणीला निघाले. त्यांच्या सायकलवाल्या मंडळाची वर्षाची मोठी फेरी बारा दिवसांवर आली होती. सत्तर किलोमीटर रस्ता आणि मध्ये खाडीचे तीन फाटे, म्हणजे तीन फेरीबोटी. एक बोट चुकली की वीस-बावीस माणसं अर्धा तास धक्क्यावर उन्हात वाळत बसणार, आणि शिव्या कप्तानाला. कप्तान म्हणजे हेच. अकरा वर्षांत त्यांनी एकही बोट चुकू दिली नव्हती. कुणी विचारो न विचारो, हे ते सगळ्यांना सांगत.

हत्यार म्हणाल तर एक जाड वही आणि तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पानावर दोन रकाने. पहिल्याच्या डोक्यावर 'नाक', दुसऱ्याच्या डोक्यावर 'शेपूट'. सगळ्यांच्या पुढे जाणारा तो नाक. तो धक्क्यावर कधी पोचला ते पहिल्या रकान्यात. सगळ्यांच्या मागून, पंक्चरवाल्यांना आणि दमलेल्यांना गोळा करत येणारा तो शेपूट. त्याची वेळ दुसऱ्यात. नियम एकच होता. शेपूट बोटीवर चढलं की त्याने आपली पितळी घंटा वाजवायची. ती ऐकल्याशिवाय खलाशी बोटीचा, चढण्यासाठी धक्क्यावर टेकवलेला लोखंडी फाळका उचलत नसत. तिन्ही धक्क्यांवर हा नियम आता पाठ झाला होता.

चाचणीला नाक एकटंच जातं. दुसरा रकाना कोराच राहतो.

पहिल्या धक्क्यावर ते आठ वाजून सतरा मिनिटांनी पोचले. वेळ लिहिली आणि बोटीवर चढले. एक पाववाल्याची व्हॅन, दोन स्कूटर आणि हे. खलाशाने फाळक्याच्या साखळीला हात घातला आणि तो तसाच उभा राहिला.

"निघायचं ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुमचं शेपूट येऊ द्या की."

"आज मी एकटाच आहे. चाचणी."

"असं?" खलाशी त्यांच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत राहिला. "मग वळणावर घंटा कुणी वाजवली?"

चष्मेवाल्यांनी मागे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. वळणावर एक भिंत, भिंतीवर वाळत घातलेली चादर, बस्स.

"असेल कुणी शाळकरी," ते म्हणाले.

"असेल बुवा." खलाशाने साखळी ओढली, पण नेहमीपेक्षा सावकाश, कुणी धावत येणार असल्यावर ओढतात तशी.

चोराच्या मनात चांदणं, एवढंच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पुढच्या दोन्ही धक्क्यांवर त्यांनी मागे पाहिलंच नाही. ११:५९ आणि ४:४०, दोन्ही वेळा नाकाच्या रकान्यात पडल्या.

२

संध्याकाळी ते दुकानाच्या मागच्या खोलीत बसले. इथे काचा घासायचं यंत्र, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर आरसा. वही उघडून ते वेळा मोठ्या कागदावर उतरवायला लागले आणि पहिल्याच ओळीला पेन्सिल थांबली.

नाक, ८:१७. शेपूट, ८:४०.

आकडे मोठे नव्हते, घाईचेही नव्हते. फक्त त्या शून्याचं तोंड वरून उघडं होतं.

असं शून्य एकच माणूस काढायचा. मास्तर. पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, हजारो वर्तुळं फळ्यावर काढली, पण स्वतःच्या हातचं शून्य काही कधी मिटलं नाही. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "असू दे रे, हवा खेळती राहते." नऊ वर्षं मास्तर मंडळाचं शेपूट होते. गेल्या वर्षी ते गेले.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळे माणसाला किती बनवतात हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? रोज चार माणसं त्यांच्यासमोर बसून तक्त्यावर नसलेली अक्षरं वाचतात. शिवाय पेन्सिल दाबून लिहिली की खालच्या पानावर ठसा उमटतो. गेल्या वर्षीचा ठसा असेल. खात्री करायची तर ते पान बघायला हवं होतं. पण त्या पानाच्या चारी कडांना त्यांनीच स्टेपलच्या पिना मारून ठेवल्या होत्या, आणि त्या काढायचा त्यांना धीर झाला नाही.

त्यांनी खोडरबर घेऊन ८:४० खोडलं. कागद तिथे पातळ झाला.

झालं होतं ते इतकं क्षुल्लक की सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या धक्क्यावर सगळे चढले होते, मास्तर तेवढे मागे. खलाशी म्हणाला, "येतोय का तुमचा शेवटचा? नाहीतर तुम्ही सगळे उतरा, पुढच्या बोटीने या." पुढची बोट अर्ध्या तासाने होती. अर्धा तास! पण पलीकडे चहा सांगून ठेवला होता, आणि दहा वर्षं एकही बोट न चुकवल्याचं कौतुक चष्मेवाल्यांच्या नाकावर बसलं होतं. त्यांच्या सायकलला मास्तरांच्या घंटेची जुळी घंटा होती. मास्तरांनीच जोडी आणली होती. नाक आणि शेपूट एका सुरात असावीत म्हणे. गर्दीत कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी अंगठ्याने आपली घंटा दोनदा वाजवली. फाळका वर गेला. म्हातारा येईल पुढच्या बोटीने, त्यांनी मनात म्हटलं.

पुढच्या बोटीने मास्तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच धक्क्याच्या उताराखाली पाण्यात सापडले, सायकलसकट. उतारावरच्या शेवाळावर चाकाची एकच रेघ सरळ पाण्यात गेलेली होती.

तेव्हा सगळ्यांनी विचारलं, ते चढलेच नव्हते का? आणि चष्मेवाले म्हणाले, "चढले होते. मी घंटा ऐकली." लगेच बाकीचेही म्हणाले, हो, हो, आम्हीही ऐकली. ऐकली होतीच सगळ्यांनी.

त्या रात्रीच त्यांनी आपली घंटा पेचकसाने काढून तुटक्या फ्रेमांच्या खणात टाकली. हँडलवर तिच्या जागी एक फिकट कडं उरलं. वर्षभर त्यांना वाटत होतं, आपल्याला लाज वाटते ती मास्तर गेले म्हणून. तसं नव्हतं. ती अर्ध्या तासाची होती.

३

रविवारी सकाळी बैठक दुकानातच भरली. बंद शटरच्या आत, चष्म्यांच्या कपाटांमध्ये, स्टुलांवर नि खोक्यांवर मंडळी बसली. बेकरीवालीने गरम पाव आणले होते आणि वकिलांनी हरकती.

"कप्तान, पहिल्या धक्क्यावर आठ-सतरा?" वकील म्हणाले. "सतरा कशाला? सव्वाआठ म्हणा. माणसाने लिहावं असं लिहा, घड्याळाने लिहिल्यासारखं काय?"

"तुम्ही आधी उठा वेळेवर, मग मिनिटं मोजा," बेकरीवाली म्हणाली. "गेल्या खेपेला तुमच्यासाठी आम्ही सगळे फाटकात ताटकळलो होतो."

तेवढ्यात शटर अर्धं वर झालं आणि मास्तरांची लेक वाकून आत आली. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती; रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून लावून बोटांना शाई लागलेली. बेकरीवालीने तिला आपल्या स्टुलावर बसवलं.

"काका, या वर्षी शेपूट मी होऊ का?" ती चष्मेवाल्यांना म्हणाली. "बाबांची सायकल दुरुस्त करून घेतलीय. घंटा तीच आहे."

"हो की! विचारतेस काय," वकील म्हणाले, आणि नाक शिंकरायला बाजूला वळले.

"आईचं मन नव्हतं. लोक काय काय बोलतात तुम्हाला माहीत आहे." ती खाली बघून बोलत होती. "माणूस बोटीवर चढतो, घंटा वाजवतो, आणि गपचूप उतरून जातो, ते कशासाठी? सगळे एकच अर्थ काढतात. आईही तोच काढते. रोज मला विचारते, मी त्यांना काय कमी केलं गं? मला वाटलं, तो रस्ता एकदा जाऊन बघावं. कळलं तर कळलं."

हे चष्मेवाल्यांनी या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आपण आपल्यापुरतं खोटं बोललो. ते खोटं मास्तरांच्या घरात जाऊन वर्षभर जेवायला बसलं होतं. आत्ता, आत्ताच सांगावं. सगळे आहेत. दोन वाक्यांचं काम. घंटा मी वाजवली होती. मास्तर चढलेच नव्हते.

"कप्तान, तुमच्या सायकलची घंटा कुठे गेली हो?" बेकरीवालीने दाराशी लावलेल्या सायकलकडे बघत विचारलं.

"गंजली," ते म्हणाले. "काढून टाकली."

आणि झालं. शेपूट घालायला एवढं पुरतं. त्यांनी घाईघाईने वही उघडली, "दुसऱ्या धक्क्याचं बघू," म्हणाले, आणि पानावर बोट ठेवलं.

नाक, ११:५९. शेपूट, १२:१०. शून्याचं तोंड उघडं.

वर, खोडून पातळ झालेल्या जागी ८:४० पुन्हा होतं. पहिल्या धक्क्यावर तेवीस मिनिटं मागे. दुसऱ्यावर अकरा. तिसरी जागा अजून कोरी होती.

"काय झालं?" वकिलांनी मान लांब केली.

"काही नाही." त्यांनी वही मिटली. "पेन्सिल पसरलीय."

४

बुधवारी दुपारी ते मास्तरांच्या घरी गेले. निमित्त होतं, मास्तरांच्या बायकोचा नवा चष्मा तयार झाला होता. एरवी गिऱ्हाइकं दुकानात येतात. पण आज सांगून टाकायचं असं ठरवून ते निघाले होते, आणि वाटेत चार वेळा मनातल्या मनात सांगूनही झालं होतं.

दोन खोल्या, मध्ये बोळ. बोळात सायकलच्या हँडलने भिंतीवर पाडलेला काळा डाग. खुंटीवर मास्तरांची टोपी. लेक सायकल घेऊन सरावाला गेली होती.

"बसा भावजी," वहिनी म्हणाल्या. "उगाच तसदी घेतलीत."

त्यांनी चष्मा वहिनींच्या डोळ्यांवर ठेवला आणि कानामागच्या काड्या बोटांनी दाबून बघितल्या. हे काम त्यांनी आयुष्यात हजारदा केलं होतं, पण आज एकच काडी त्यांनी तीनदा दाबली. वहिनी इतक्या जवळून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि आता त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांत जवळचे त्यांचे. तुम्ही नक्की ऐकली होतीत ना घंटा?"

बोळात घंटा वाजली. दोनदा. पितळी, स्वच्छ.

"आली वाटतं लेक," चष्मेवाले म्हणाले.

वहिनींनी मानही वळवली नाही. "नाही हो. रोज वाजते ती या वेळेला. सायकल घरात असो नसो. वाजते आणि आत कुणी येत नाही." त्या कसनुशा हसल्या. "कानच बिघडलेत माझे. तुमच्याकडे कानांचा चष्मा मिळतो का?"

म्हणजे त्यांना वाटत होतं, ती फक्त त्यांनाच ऐकू येते. मीही ऐकली, एवढं जरी चष्मेवाले बोलले असते तरी त्या माऊलीला किती आधार झाला असता. तेही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"मी काय विचारलं?" वहिनी म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले. "ऐकली होती. नक्की."

वहिनींनी मान डोलावली. नव्या चष्म्याच्या काचांमागे डोळे भरून आले, आणि त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

निघताना त्यांना बोळातून जावं लागलं. बोळ रिकामा होता. भिंतीवरच्या काळ्या डागाजवळची फरशी मात्र ओली होती, चाकाएवढी रुंद पट्टी, उंबऱ्यापासून आत आलेली. मोरीचं पाणी सांडलं असेल. त्यांनी वास घेऊन बघितलं नाही. बाहेर येऊन सायकलवर बसल्यावर घरापर्यंत ते एकदाही पेडल मारायचं थांबले नाहीत. मागून कुणी गाठू नये म्हणून माणूस चालवतो तशी त्यांनी ती चालवली.

५

फेरीच्या दिवशी बावीस जण जमले. चष्मेवाले नाक, मास्तरांची लेक शेपूट. पहिल्या धक्क्यावर ती शेवटची चढली, घंटा वाजवली, फाळका वर गेला. दुसऱ्यावरही तसंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकील म्हणाले, "बापाच्या वरताण निघाली पोरगी," आणि ती पहिल्यांदा मोकळं हसली.

चष्मेवाल्यांनी ठरवलं, तिसऱ्या धक्क्यावर सांगायचं. जिथे केलं तिथेच. मग वाटेत ठरवलं, बोटीतून उतरल्यावर, चहा झाला की. मग वाटलं, आज नकोच, आज ती हसतेय.

तिसरा धक्का आला. उतार, कडेचं शेवाळ, लागलेली बोट. ते सायकल ढकलत बोटीवर गेले, कठड्याशी उभे राहिले आणि मनगटावर बघितलं. चार चाळीस. चाचणीला आली तीच वेळ, मिनिटाचा फरक नाही. एरवी त्यांनी ही गोष्ट चार जणांना बोलावून दाखवली असती. त्यांनी वही काढली.

तिसऱ्या ओळीत दुसरा रकाना भरलेला होता. ४:४०.

तेवीस, अकरा, आणि आता काहीच नाही. नाक आणि शेपूट एकाच वेळी.

त्यांनी डावीकडे बघितलं. बेकरीवाली पाव वाटत होती. उजवीकडे वकील कुणाच्या तरी चाकात हवा भरत होते. मग त्यांची नजर पायाखाली गेली. पाण्याच्या कडेपासून उतारावर, फाळक्यावरून, बोटीच्या लोखंडी तळावर चाकाची एक ओली रेघ आली होती. ती त्यांच्या सायकलच्या शेजारी येऊन थांबली होती. तिथे सायकल नव्हती. लोखंडावर पाणी मात्र थेंब थेंब पडत होतं.

वर बघू नकोस, त्यांनी स्वतःला सांगितलं. मन खातंय, दुसरं काही नाही. पाणी आहे. बोटीवर पाणी असतंच.

पाच-सात मिनिटांत मागचे आले, आणि सगळ्यांत शेवटी मास्तरांची लेक चढली. ती सरळ त्यांच्याजवळ आली. सायकल कठड्याला टेकवून तिने एका हातात पाण्याची बाटली धरली आणि दुसऱ्याने ती हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागली.

"काका, इथेच ना?"

"इथेच."

"बाबा कुठे उभे होते, घंटा वाजवली तेव्हा?"

आता सगळे ऐकत होते. पोरगी चष्मेवाल्यांकडे बघत होती, मास्तर एखाद्या मंद पोराच्या उत्तराची वाट बघायचे तशी, शांतपणे, घाई न करता. सांग, ते स्वतःला म्हणाले. सांग रे.

"तिथे," ते म्हणाले आणि त्यांनी बोटीच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "त्या खांबाशी."

घंटा वाजली. दोनदा.

खलाशाने साखळी ओढली. फाळका करकरत वर गेला, आणि धक्का हळूहळू मागे सरकायला लागला. लेकीने आधी आपल्या हातांकडे बघितलं. एकात बाटली, दुसऱ्यात पट्टा. मग तिने आपल्या सायकलच्या घंटेकडे बघितलं. तिला कुणी हात लावला नव्हता. मग तिची नजर सावकाश चष्मेवाल्यांच्या हँडलवर आली आणि तिथेच राहिली.

त्यांनीही खाली बघितलं. त्यांचा उजवा अंगठा त्या फिकट कड्यावर होता, जिथे वर्षभर काहीच नव्हतं. तो दाबत होता आणि सोडत होता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. उचलला जाईना. त्यावर दुसरा एक अंगठा होता, पांढराफटक, पाण्याने सुरकुतलेला, खडू धरून धरून एका बाजूने चपटा झालेला.

"काका," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता, पण बोटीवर इतकी शांतता होती की शेवटच्या माणसालाही ऐकू गेला. "त्या दिवशी घंटा कुणी वाजवली?"

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि घंटा पुन्हा वाजली.

बेकरीवालीच्या हातातला पाव तसाच राहिला. बावीसच्या बावीस जण त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. मागे धक्का लांब गेला होता, पुढचा अजून दिसत नव्हता. पलीकडे पोचायला बारा मिनिटं लागतात, हे त्यांनी स्वतःच वहीत लिहून ठेवलं होतं.